चाळीस टक्के आणि आठ तास

"मॅडम, याले कुठंतरी चिपकवून द्या न."

आमच्याकडं येणाऱ्यांचं पहिलं वाक्य बहुतेक हेच असतं. ते आई बोलते, मोठा भाऊ बोलतो, कधी गावचा सरपंचही सोबत आलेला असतो. ज्याच्यासाठी काम शोधायचं आहे तो बाजूच्या खुर्चीत गप्प बसलेला असतो. मग कोणीतरी प्लास्टिकच्या पिशवीतून युडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगत्वाचं सरकारी ओळखपत्र, काढून टेबलावर ठेवतं आणि त्यावरच्या आकड्यावर बोट ठेवून सांगतं, "पंचावन्न टक्के आहे." त्या आकड्यातच सगळं आलं, असा सूर असतो.

मी नागपुरात दिव्यांग व्यक्तींच्या व्यावसायिक पुनर्वसनाचं समुपदेशन करते. 1992 च्या भारतीय पुनर्वास परिषद कायद्यात व्होकेशनल काउन्सेलर हा नोंदणीकृत व्यावसायिकांचा स्वतंत्र वर्ग आहे, पण बहुतेक लोक मला नोकरी लावून देणारी बाईच समजतात. नोकरी लागणं हा या कामाचा मधला टप्पा आहे. त्याच्या आधी बरंच काही करावं लागतं आणि त्याच्यानंतर त्याहून जास्त. ते नेमकं काय असतं, ते इथं लिहिते आहे.

पहिल्या भेटीत मी घरच्यांना थोडा वेळ बाहेर बसवते. आईला ते आवडत नाही, तरी बसवते. मग समोरच्या माणसाला विचारते, "काल सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत काय काय केलं, ते सांग." कोणती नोकरी पाहिजे, असं विचारलं की सगळे एकच उत्तर देतात, "कोणतीही." कालच्या दिवसाचं उत्तर मात्र प्रत्येकाचं वेगळं निघतं. चक्कीवर दळण कोण नेतं, दूधवाल्याचा हिशेब कोण ठेवतं, मोबाईलचा रिचार्ज कोण मारतं, किती वेळ उभं राहिल्यावर बसावंसं वाटतं, दुपारी झोप लागते का, रात्री लागते का, हे सगळं त्यातून कळतं.

एका बौद्धिक दिव्यांग मुलीची आई मला म्हणाली होती, "हिले काहीच येत नाही." कालचा दिवस विचारला तेव्हा कळलं की घरातल्या सात माणसांचे वाळलेले कपडे तीच काढते, ज्याचे त्याचे वेगळे करते, घड्या घालते आणि ज्याच्या त्याच्या कप्प्यात ठेवते. चुकत नाही. घरात इतकी वर्षं कोणी याला काम म्हटलंच नव्हतं. आज ती एका हॉटेलच्या लिनन रूममध्ये चादरी-टॉवेल वेगळे करते, मोजते, रचते. तिच्या आईला पटवायला मात्र मुलीला शिकवण्यापेक्षा जास्त वेळ गेला. आईची भीती खरी होती. संजय गांधी निराधार योजनेचे पैसे दर महिन्याला खात्यात येतात, त्याला उत्पन्नाची अट आहे. पगार सुरू झाला तर ते बंद, आणि नोकरी सुटली तर पुन्हा तहसीलच्या चकरा. अशा घराला "धाडस करा" सांगणं सोपं आहे. आम्ही कागदावर दोन्ही बाजूंचा हिशेब मांडला, पगारात पीएफ आणि ईएसआय (कामगार विमा) किती, ईएसआयमुळं दवाखान्याचा खर्च किती वाचेल, ते दाखवलं. मग आई हो म्हणाली.

पहिल्या भेटीनंतर कामाचे नमुने देऊन बघणं असतं. नटबोल्ट वेगळे करणं, पाकिटं भरणं, संगणकावर नोंदी करणं, यादीवरून वस्तू शोधून आणणं. हाताचा वेग सगळे मोजतात. मी वेळ जास्त बघते. पहिली वीस मिनिटं कोणीही काम करतं. दोन तासांनी काय होतं, जेवणानंतर काय होतं, बाजूला आवाज झाला की काय होतं, चूक झाली तर तो थांबतो की पुढं रेटतो, हे कार्डावर लिहिलेलं नसतं. प्रमाणपत्राचे टक्के डॉक्टर शरीर तपासून ठरवतात, आणि ते लागतातच, कारण 40 टक्क्यांच्या खाली बहुतेक सवलती मिळत नाहीत. पण आठ तासांच्या पाळीबद्दल तो आकडा काहीच सांगत नाही.

हे मला सगळ्यात जास्त शिकवलं ते सिकलसेलच्या मुलांनी.

विदर्भात राहणाऱ्याला सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार समजावून सांगावा लागत नाही. प्रत्येकाच्या ओळखीत कोणीतरी असतं. तरी कामाच्या ठिकाणी तो कोणाला दिसत नाही. शरीरात पाणी कमी पडलं, थंडी बाधली, ताप-संसर्ग झाला, झेपेल त्यापलीकडं मेहनत झाली की तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडांतून अशी कळ उठते की माणूस अंथरुणाला खिळतो. चार दिवसांनी तोच माणूस धडधाकट दिसतो. मालकाला वाटतं, नाटक करतो.

उमरेडकडचा एक मुलगा वडिलांसोबत आला. एसएस पॅटर्न, म्हणजे नुसता वाहक नाही तर पूर्ण आजार असलेला, बी.कॉम. झालेला. आधी गांधीबागेत एका कापडाच्या दुकानात होता, मग घरपोच सामान पोचवण्याच्या कामात. दोन्हीकडं सारखंच घडलं. पहिले काही आठवडे मालक खूश, मग दुखणं, मेडिकलमध्ये भरती, परत आला तर जागेवर दुसरा. वडील म्हणाले, "लोकं म्हणते पोट्टा कामचोर आहे. मले माहीत आहे न जी तो रात्रभर कसा कण्हते ते."

मुलाच्या हातात कार्ड होतं आणि त्या कार्डावर मोठी आशा होती. 2016 चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा 19 एप्रिल 2017 पासून लागू झाला. जुन्या 1995 च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे सात प्रकार होते, नव्यात एकवीस झाले आणि त्यांत सिकलसेल, थॅलेसेमिया, हिमोफिलिया आले. विदर्भासाठी ही फार मोठी गोष्ट होती. त्यामुळं हा मुलगा सरकारी भरतीच्या जाहिराती कापून वहीत चिकटवत होता, 4 टक्के आरक्षणातून आपला नंबर लागेल म्हणून.

त्याला कलम 34 वाचून दाखवणं मला भाग होतं. सरकारी नोकरीतलं 4 टक्के आरक्षण एकवीसही प्रकारांना नाही. अंध आणि अल्पदृष्टी यांना एक टक्का, कर्णबधिरांना एक, चलनवलनाचं दिव्यांगत्व असणाऱ्यांना एक. त्यातच सेरेब्रल पाल्सी, बरे झालेले कुष्ठरुग्ण, बुटकेपणा, ॲसिड हल्ल्यातले पीडित, मस्क्युलर डिस्ट्रॉफी. उरलेला एक टक्का स्वमग्नता, बौद्धिक दिव्यांगत्व, अध्ययन अक्षमता, मानसिक आजार आणि बहुदिव्यांगत्व यांच्यासाठी. रक्ताचे आजार त्या यादीत नाहीत. उच्च शिक्षणातल्या 5 टक्के जागांसाठी कलम 32 आहे, तिथं सिकलसेलचा मुलगा बसतो. म्हणजे कॉलेजात प्रवेश मिळतो आणि कॉलेज संपलं की दार बंद.

"मग कार्ड कायले दिलं जी?" त्यानं विचारलं.

या प्रश्नाला मी वळसा घालत नाही. एसटीत 75 टक्के सवलत आहे, शिक्षणात जागा आहे, आणि कामाच्या ठिकाणी तुला जी सोय लागते ती मागायचा हक्क आहे, एवढं मी सांगितलं. आणि हेही सांगितलं की कलम 34 ची ही रचना मला अन्यायाची वाटते. ज्या आजारात माणूस महिन्यातले पंचवीस दिवस उत्तम काम करू शकतो आणि पाच दिवस अजिबात नाही, त्यालाच पक्क्या पगारी रजेच्या नोकरीची सगळ्यात जास्त गरज आहे. खासगीत पहिली गदा त्याच्यावरच येते. हे मी जिथं बोलायला मिळेल तिथं बोलते.

पण कायदा बदलेपर्यंत मुलाला घरी बसवता येत नाही. हिंगणा एमआयडीसीत एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये सहायक हवा होता. सुटे भाग आले की संगणकावर नोंद करायची, मागणी आली की चिठ्ठी बघून द्यायचे, महिनाअखेर साठा जुळवायचा. मी मालकाला म्हटलं, मुलगा पाठवायच्या आधी मला एक अख्खी पाळी त्या स्टोअरमध्ये बसू द्या. त्यांना नवल वाटलं, पण बसू दिलं.

आमच्या कामाचा गाभा तिथं आहे. घड्याळ लावून बसायचं आणि काम तासातासानं लिहून काढायचं. संगणकासमोर किती वेळ, उभं राहून किती, वजन किती किलोचं आणि किती वेळा, जिना चढायचा का, पाणी कुठं आहे, शौचालय कुठं आहे, पंखा कुठं आहे, कोणाला विचारल्याशिवाय जागा सोडता येते का. तिथं बसल्यावर कळलं की जड खोकी दिवसातून दोनदाच येतात, आणि ती उचलायला हमाल असतोच. सहायकानं हात लावावा ही नुसती सवय पडलेली होती. पाण्याचा माठ शेडच्या पार दुसऱ्या टोकाला होता. भागांना पाणी लागून गंज चढू नये म्हणून काउंटरवर बाटली ठेवायला मनाई होती. रात्रपाळीत स्टोअरचं शटर अर्धं उघडं असायचं आणि डिसेंबरच्या रात्री थेट तिथून वारा यायचा. जाहिरातीत फक्त "पदवीधर, संगणकाचे ज्ञान" एवढंच लिहिलेलं होतं.

मालकांनी मला रोखठोक विचारलं, "महिन्यातून किती दिवस दांडी मारेल?" मी आकडा दिला नाही, कारण कोणताही डॉक्टर तो देऊ शकत नाही. मी त्यांना विचारलं, आत्ताचा माणूस लग्नाला गेला तर काय करता? त्यांच्याकडं उत्तर नव्हतं, स्टोअर अडून बसायचं. मग आम्ही मिळून ठरवलं की डिस्पॅचच्या एका मुलीला स्टोअरच्या नोंदी शिकवायच्या. त्याचा फायदा कंपनीलाच आधी झाला. बाकी मागण्या एका पानात मावल्या: झाकणाची बाटली काउंटरखाली ठेवायला परवानगी, थंडीच्या दोन महिन्यांत रात्रपाळी नको, खोकी उचलायची नाहीत, ओपीडीच्या दिवशी उशिरा यायची मुभा. या सगळ्याला खर्च जवळजवळ शून्य. मागणी योग्य असताना वाजवी सोय नाकारणं हा कायद्यानं भेदभावच धरला आहे. पण ते वाक्य मी पहिल्या बैठकीत काढत नाही. ते खिशात असतं.

मुलाचीही बाजू होती. आजार लपवायचा नाही, हे त्याला मान्य करायला जड गेलं. आधीच्या दोन्ही ठिकाणी त्यानं लपवला होता. आम्ही सराव केला, तीन वाक्यांत काय सांगायचं: मला काय आहे, त्यानं काय होतं, मला काय लागतं. सिकलसेलचं दुखणं वारंवार येऊ नये म्हणून दिलेल्या हायड्रॉक्सीयुरियाच्या गोळ्या तो दुखणं कमी झालं की सोडायचा, त्याबद्दल त्याच्या डॉक्टरांशी बोलायला लावलं. मुलगा कामाला लागला, आणि अजून तिथंच आहे.

मज्जारज्जूला इजा झालेल्या एका ताईंची गोष्ट वेगळी होती. रस्त्यावरच्या अपघातानंतर छातीखालची संवेदना गेली. आधी एका शोरूममध्ये हिशेब बघायच्या. टॅली हातात होतं, बुद्धी हातात होती. लोकांना वाटतं अडचण व्हीलचेअरची. व्हीलचेअरची अडचण महालातल्या त्यांच्या गल्लीपुरती होती. तिथून चितार ओळीच्या मेट्रो स्टेशनपर्यंत भावानं सोडायचं ठरलं. स्टेशनात लिफ्ट आहे, गाडीत व्हीलचेअरची जागा आहे, शंकरनगरला उतरायचं. तेवढा प्रवास शहरातला सगळ्यात सुखाचा भाग.

खरी अडचण शौचालयाची होती. त्यांना काम देऊ करणाऱ्या ऑफिसात शौचालयाचा दरवाजा अरुंद होता. व्हीलचेअर सहज आत जायला 900 मिलिमीटर मोकळी रुंदी धरतात, तिथं त्याच्या कितीतरी कमी होती. ताई म्हणाल्या, "मी सकाळपासून पाणीच पीत नाही, म्हणजे जावं लागत नाही." हे वाक्य मी व्हीलचेअरवरच्या कितीतरी बायकांकडून ऐकलं आहे आणि दर वेळी मला राग येतो. मज्जारज्जूच्या इजेत लघवीचा संसर्ग ही जिवावर बेतणारी गोष्ट आहे आणि या बायका नोकरी टिकवायला नागपूरच्या उन्हाळ्यात कोरड्या राहतात. दरवाजा मोठा होईपर्यंत आम्ही रुजू व्हायची तारीख दिली नाही. ऑफिसनं दरवाजा काढून बाहेर सरकणारा बसवला, आतला कोपरा मोकळा केला, आडवा दांडा लावला.

दुसरी गोष्ट उन्हाची. एवढ्या वर इजा झाली की खालच्या अंगाला घाम येत नाही, शरीर स्वतःला थंड करू शकत नाही. नवतपात, मे अखेरच्या त्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, पारा 45 च्या वर गेला की आपण हैराण होतो. त्यांना ताप चढतो, चक्कर येते. म्हणून एप्रिल ते जूनच्या मध्यापर्यंत त्यांची वेळ सकाळी साडेसात ते दुपारी एक आणि उरलेलं काम घरून, असं लेखी करून घेतलं. खुर्चीत जाड गादी, आणि दर अर्ध्या तासाला हातांवर जोर देऊन अंग उचलायचं, नाहीतर बसल्या जागी जखम होते आणि तिला भरायला महिने लागतात. मोबाईलवर गजर लावला. तो वाजला की आता आजूबाजूचे लोकही उठून पाठ मोकळी करतात.

सरकारी खात्यातल्यांची प्रकरणं माझ्याकडं वेगळ्या वाटेनं येतात. एका कार्यालयातले लिपिक, काचबिंदूनं नजर जवळजवळ गेलेली. वरिष्ठ रोज सांगायचे, व्हीआरएसचा (स्वेच्छानिवृत्तीचा) अर्ज द्या, उगाच त्रास कशाला. काका घरी येऊन अर्ज लिहायलाच बसले होते. त्यांच्या मुलीनं फोन केला आणि मी म्हटलं, सही करू नका. त्याच 2016 च्या कायद्याच्या कलम 20 मध्ये स्पष्ट आहे: नोकरीत असताना दिव्यांगत्व आलं तर सरकारी आस्थापनेला त्या माणसाला काढता येत नाही, खालच्या पदावरही नेता येत नाही. ते पद झेपत नसेल तर त्याच वेतनश्रेणीच्या दुसऱ्या पदावर घ्यायचं, तसं पद नसेल तर जादा पद निर्माण करून, योग्य पद मिळेपर्यंत किंवा निवृत्तीपर्यंत, जे आधी होईल तोवर, ठेवायचं. कार्यालयाला आम्ही कलमासकट पत्र दिलं. ते पोचल्यावर व्हीआरएसचा विषय पुन्हा निघाला नाही.

पण कायद्यानं खुर्ची वाचते, त्या खुर्चीवर बसून करायचं काम कायदा देत नाही. काकांना नुसतं बसवून पगार दिला असता तर ते वर्षभरात खचले असते, अशी माणसं मी पाहिली आहेत. म्हणून एनव्हीडीए हा फुकट मिळणारा स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारा प्रोग्रॅम, त्यांच्या संगणकावर टाकला. माउस बाजूला ठेवायचा, सगळं कीबोर्डवरून. पन्नाशीनंतर हे शिकणं म्हणजे पुन्हा बाराखडीपासून सुरुवात. मोठा अडथळा असा निघाला की कार्यालयातल्या जुन्या फायली युनिकोडमध्ये नव्हत्या, जुन्या मराठी फॉन्टमध्ये होत्या, आणि स्क्रीन रीडर ते वाचताना नुसती इंग्रजी अक्षरं बडबडायचा. आवक पत्रं युनिकोडमध्ये यायला लागली तेव्हा काकांना आवक-जावक विभागाची ऑनलाइन नोंद दिली. फोनवर नागरिकांना अर्जाची स्थिती सांगायचं कामही तेच करतात, आणि त्यांना खात्याचे तीस वर्षांचे नियम पाठ आहेत.

कर्णबधिर मुलांबद्दल थोडक्यात लिहिते, कारण त्यांची कामं तुलनेनं लवकर जुळतात. त्यांचा घात लेखी परीक्षेत होतो. खुणांच्या भाषेचं व्याकरण मराठीहून वेगळं आहे, त्यामुळं त्यांच्या लिहिण्यात विभक्ती आणि क्रियापदं घसरतात, आणि कंपनीतला माणूस त्यावरून बुद्धीचा अंदाज बांधतो. मी आग्रह धरते की मशीनवर करून दाखवू द्या. बुटीबोरीत एका ठिकाणी तसं झालं आणि ज्याला लेखीत शून्याच्या जवळ गुण होते त्यानं ड्रॉइंग बघून मशीनवर जॉब, म्हणजे घडवायचा भाग, बरोबर लावला. आगीचा भोंगा त्याला ऐकू येणार नाही म्हणून फिरता लाल दिवा लावून घेतला.

माणूस कामावर लागला की घरचे पेढे आणतात आणि माझं खरं काम तिथून सुरू होतं. पहिल्या महिन्यात मी वारंवार जाते, मग हळूहळू कमी. इतक्या वर्षांत एक गोष्ट पक्की दिसली आहे: नोकरी सुटते ती दिव्यांगत्वामुळं क्वचित, सुपरवायझर बदलल्यावर मात्र हमखास धोक्यात येते. जुन्या साहेबाला सगळं माहीत असतं, तोंडी ठरलेलं असतं. नवा साहेब येतो आणि विचारतो, याला रात्रपाळी काहून नाही? हिला मे महिन्यात एक वाजता घरी कसं सोडता? म्हणून आता मी तोंडी काहीच ठेवत नाही. वीस किंवा जास्त कामगार असलेल्या खासगी आस्थापनेनं समान संधी धोरण लिहून त्यात सोयी, पदं आणि संपर्क अधिकारी नमूद करायला हवेत, असा नियम आहे. बऱ्याच कारखान्यांत ते धोरण नसतं. मी मराठीतला एक कच्चा मसुदा सोबतच नेते, आणि प्रत्येकाच्या सोयींचं ते एक पान एचआरच्या फाइलला लागल्याशिवाय निघत नाही.

हिंगण्याच्या स्टोअरमध्येही मागच्या थंडीत नवे साहेब आले आणि त्यांनी मुलाचं नाव रात्रपाळीच्या यादीत टाकलं. त्यानं मला फोन केला तो सगळं आटोपल्यावर. एचआरमधून स्वतःच ते पान मागून आणलं होतं, साहेबांसमोर ठेवलं होतं, आणि आम्ही बसवलेली तीन वाक्यं म्हटली होती. यादी बदलली. मग त्यानं मला विचारलं, त्याच्या गावातली एक मुलगी आहे, एसएसच आहे, डी.फार्म. झाली आहे, तिला घेऊन येऊ का. मी म्हटलं, आण, आणि तिच्या आईबाबांना सांग की येताना कार्डासोबत डॉक्टरांची फाइलही आणा, आणि कोणत्या औषध दुकानात किंवा कंपनीत जागा आहे असं कानावर आलं असेल तर तेही सांगा. मला आधी तिथं एक पाळी बसून यावं लागेल.